फोन न करणारा मेहनती माणूस

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले लहान कारखानदार, घरून मसाले करणाऱ्या बायका, कर्ज काढून नवं काहीतरी सुरू करू बघणारी पोरं, यांच्यावर माझी प्रॅक्टिस चालते. जीएसटी, आयकर, बँकेला द्यायचे प्रोजेक्ट रिपोर्ट. इतकी वर्षं या लोकांची बिलं आणि वह्या चाळून एक गोष्ट मी छातीठोक सांगू शकते: आळशी माणूस माझ्याकडे क्वचितच येतो. आळशी माणूस धंद्यात पडत नाही, नोकरी बघतो. (हे माझ्या भावाला उद्देशून नाही. थोडंसं आहे.)

त्यामुळे उद्योजकांच्या मेळाव्यात वक्ते 'स्वतःवर विश्वास ठेवा, मेहनत आपोआप होईल' हे पालुपद सुरू करतात तेव्हा मी चहाच्या टेबलाकडे सरकते. मेहनत चाललेलीच असते हो. ती कुठल्या कामावर चालली आहे, हे कुणी विचारत नाही. ज्या कामात माणूस स्वतःला तरबेज समजतो तिकडे तो रात्रीचा दिवस करतो. ज्या कामाची धास्ती वाटते ते 'उद्या बघू' म्हणून पडून राहतं. आणि धंदा गोत्यात येतो तो बहुतेक वेळा त्या पडून राहिलेल्या कामापायी.

माझे एक क्लायंट आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. भाड्याच्या शेडमध्ये दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, ते मशिनिंग करून परत द्यायचं, असं जॉबवर्क. एकदा वीस तारीख होती. जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न त्याच दिवसात भरायचं होतं, ओटीपी मामांच्या मोबाइलवर येणार होता आणि मामा काही फोन उचलेनात. शेवटी घरी जाता जाता मीच शेडवर गेले. रात्रपाळीचा ऑपरेटर आला नव्हता, म्हणून मामा स्वतः मशीनवर. एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मापात बसत नव्हता. त्यांनी कॉटन वेस्टनं बोअर पुसला, आतून अंगठा फिरवला, मग बोअर गेज आत घालून हलकेच पुढं-मागं झुलवला. काटा एका ठिकाणी जाऊन उलटा फिरतो, तिथलं माप वाचायचं असतं. मामांनी मान हलवली, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला, ऑफसेटमध्ये काहीतरी आकडा टाकला, परत कट मारला. परत पुसलं, परत गेज. हे किती वेळ चाललं ते मला आठवत नाही, पण तेवढ्या वेळात माझं एक इन्स्टाग्राम पूर्ण बघून झालं. शेवटी मामा वळून म्हणाले, "बसला बघा." चेहऱ्यावर थकवा औषधालाही नव्हता.

ओटीपी घेतला, रिटर्न भरलं. मग मी विचारलं, "मामा, त्या मोठ्या पार्टीचं पेमेंट?"

इतका वेळ ताठ उभा असलेला माणूस स्टुलावर बसला. "करतो की फोन उद्या."

"मागच्या महिन्यातबी उद्याच म्हणाला होता."

"मॅडम, ती माणसं मोठी. फोन केला आणि मनात धरलं तर काम जाईल. आपल्यासारखी छप्पन शेडं हायत त्यांच्याकडं."

त्यांचं पैसे अडकणं म्हणजे काय, ते जरा उलगडून सांगते, कारण जीएसटी न भरणाऱ्या वाचकांना ते माहीत नसतं. मामांनी बिल काढलं की त्यावरचा जीएसटी पुढच्या रिटर्नबरोबर सरकारला भरावा लागतो. पार्टीनं पैसे दिलेत की नाही, याच्याशी सरकारला घेणंदेणं नाही. म्हणजे मामा न मिळालेल्या पैशावरचा कर खिशातून भरतात, त्यासाठी सीसीतून (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून) पैसे काढतात आणि त्यावर बँकेला व्याज देतात. तिकडे पार्टी त्याच बिलावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, घेऊन मोकळी. मामा रात्री बारापर्यंत मशीनवर उभे राहून जे कमावतात, त्यातला मोठा घास या फेऱ्यात जातो.

बरं, कायदा त्यांच्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. २०१७ पासून सरकारच्या समाधान पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. शिवाय जीएसटीत १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करायचं. एवढी हत्यारं हाताशी. मी मामांचं उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योग म्हणून नोंदणीचं) काढून दिलं, नंबर बिलावर छापून दिला, पत्राचा मसुदा टाइप करून दिला. पत्र ड्रॉवरमध्ये गेलं, पार्टीकडे नाही.

मामांना आत्मविश्वास कमी आहे असं कोण म्हणेल? त्या मशीनसमोर त्यांना उभं करा आणि बघा. आत्मविश्वास म्हणजे अंगात एकच टाकी असते आणि ती भरली की सगळ्या नळांना पाणी येतं, असं मेळाव्यातल्या भाषणांत गृहीत धरलेलं असतं. अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकवत. त्यांनी १९७७ मध्ये जे मांडलं ते याच्या उलट जातं. हे विशिष्ट काम मला जमेल का, याबद्दल माणसाला काय वाटतं यावरून तो ते हातात घेतो की टाळतो, किती नेट लावतो आणि अडलं की किती वेळ चिकटून राहतो हे ठरतं, असं त्यांचं म्हणणं. काम बदललं की हे वाटणंही बदलतं. बोअर बसेना तर मामा पुन्हा कट मारतात. फोनवर पलीकडून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' आलं की मामांचा विषय संपला, पुढचे पंधरा दिवस.

दुसरी एक ताई आहे, कांदा-लसूण मसाला करते. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी स्वतः निवडून आणणार, देठ काढणार, उन्हात घालणार, खडा मसाला तेलात परतणार आणि डंकावर स्वतः उभी राहून कांडून आणणार. मिरची कांडताना जो खाट सुटतो त्यात ही बाई तोंडाला ओढणी बांधून तासन्‌तास. ऑर्डर पुण्या-मुंबईपर्यंत जातात. मी तिचा हिशेब मांडला तेव्हा कळलं की मिरचीचा भाव चढला तरी तिचा दर जुनाच होता. किलोमागं कसाबसा स्वतःच्या मजुरीपुरता पैसा सुटत होता, गॅस आणि कुरिअर धरलं तर तेवढाही नाही. मी म्हटलं, दर वाढव. ती म्हणाली, "नको हो मॅडम. त्यापेक्षा मी महिन्याला दहा किलो जास्त करते की."

या वाक्यावर मी बराच विचार केला. वीस रुपये जास्त मागायला एक मिनिट लागतं. दहा किलो मसाल्याला दोन दिवस आणि डोळ्यांची आग. तिला दोन दिवस परवडत होते, कारण त्या दोन दिवसांत काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाव सांगायचा म्हणजे समोरची काय म्हणेल, सासूच्या ओळखीची असेल तर घरी काय पोचेल, हे सगळं आलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल केवढी कष्टाळू बाई. आहेच. पण त्यातले निम्मे कष्ट एक वाक्य टाळण्यासाठी चालले होते.

या संदर्भात टोगोचं एक उदाहरण मला फार आवडतं, आणि झोंबतंही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोची राजधानी लोमे इथं १५०० लहान धंदेवाल्यांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं प्रशिक्षण: हिशेब, मार्केटिंग, पैशाचं नियोजन. दुसऱ्याला पुढाकार घ्यायचं प्रशिक्षण: स्वतःहून हालचाल कशी करायची, अडथळा आला की दुसरी वाट कशी शोधायची, पुढचं आत्ताच कसं बघायचं, आणि हे सगळं स्वतःच्याच धंद्यावर करून बघायचं. तिसऱ्या गटाला काही नाही. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. पुढाकारवाल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत ३० टक्क्यांनी जास्त. हिशेब शिकलेल्यांचा ११ टक्के, आणि तोही इतका अनिश्चित की खात्रीनं वाढ म्हणता येऊ नये. बायकांच्या धंद्यात हा फरक ४० आणि ५ टक्के असा होता. मी पोट भरते हिशेबावर, तेव्हा हे वाचून मला काय वाटलं असेल ते समजून घ्या. तरी ताईंच्या मसाल्याकडे बघितलं की पटतं. तिला दर कमी पडतोय हे कळायला माझा तक्ता पुरला. दर सांगायला तक्ता कामाचा नव्हता.

आता दुसरी बाजू, कारण 'म्हणजे आत्मविश्वास असला की झालं' असं म्हणणारे आहेतच.

एक तरुण पोरगा आला होता, लाकडी घाण्याचं तेल काढायचं म्हणून. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेतून कर्ज हवं होतं. बोलायला वाघ. शेंगदाण्याच्या तेलाला मरण नाही, रिफाइंडला लोक कंटाळलेत, घाणा सुरू झाला की गिऱ्हाईक शोधत येईल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पहिल्या वर्षी मशीन क्षमतेच्या ६० टक्के चालेल, मग ७०, मग ८० असं लिहायची पद्धत असते. हा म्हणाला, पहिल्याच वर्षी ९० लिहा. मी विचारलं, पहिली पन्नास गिऱ्हाइकं कोण, नावं सांग. हसला. एक लिटर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात, त्यामुळे तुझा दर दुकानातल्या पिशवीपेक्षा कितीतरी जास्त पडणार, तो देणारी पन्नास घरं कुठल्या गल्लीत आहेत? "होतंय मॅडम, तुम्ही नका काळजी करू." अनुदानाचे पैसे सुरुवातीला हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतात, हेही त्यानं माझ्याकडून ऐकलं आणि सोडून दिलं.

कर्ज झालं, घाणा आला, उद्घाटनाला पेढे मिळाले. त्यानंतरचे कित्येक महिने हा पोरगा घाण्यापाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. आळशी म्हणावं तर तसाही नव्हता. कर्जाच्या कागदपत्रांसाठी यानं तलाठ्यापासून बँकेपर्यंत चपला झिजवल्या होत्या. पण विक्री होणारच, ही खात्री इतकी पक्की की तिच्यासाठी पळायचं कशाला? पेपर सोपा जाणार म्हणून पुस्तक मिटणाऱ्या हुशार मुलाची गत. ओहायो विद्यापीठातल्या जेफ्री व्हँकूव्हर यांनी नेमकं हेच प्रयोगात दाखवलं आहे. लपवलेला रंगक्रम ओळखायच्या 'मास्टरमाइंड' खेळात ज्यांचा स्वतःवरचा भरवसा वाढवला गेला, त्यांच्या हातून पुढच्या डावात चुका जास्त झाल्या. बांडुरांच्या बाजूच्या लोकांनी त्यावर पुष्कळ वाद घातला. मला दोघांचंही पटतं, कारण माझ्या ऑफिसात दोघांचीही माणसं येतात.

हे दोन विश्वास वेगळे धरायला हवेत, असं माझं मत झालं आहे. 'हे काम मला जमेल' हा एक. 'सगळं चांगलंच होणार' हा दुसरा. पहिला माणसाला उठवतो. दुसरा जास्त झाला तर खुर्चीत बसवतो. पुष्कळदा एकाच माणसात दोन्ही असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात, ही खरी पंचाईत. १९८८ मध्ये अमेरिकेत कूपर, वू आणि डंकेलबर्ग यांनी नुकताच धंदा सुरू केलेल्या २९९४ जणांना विचारलं होतं, तुमचा धंदा यशस्वी व्हायची शक्यता दहात किती? ८१ टक्के लोक सात किंवा त्याहून जास्त म्हणाले. एक तृतीयांश लोकांनी दहापैकी दहा सांगितलं. तुमच्यासारख्याच इतरांच्या धंद्याचं काय, असं विचारल्यावर मात्र सात किंवा वर सांगणारे ३९ टक्केच. त्यातली मला सर्वात खटकलेली गोष्ट अशी की ज्यांची तयारी कच्ची होती तेही तयारी पक्की असणाऱ्यांइतकेच आशावादी होते. बँकेच्या साहेबांसमोर कोण किती ठासून बोलतो, यावरून काहीच ओळखता येत नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा मी वाचलेला नाही.

आमच्या भागात उद्योजकतेवर बोलताना लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतल्याशिवाय कुणाचं भाषण पूर्ण होत नाही, तेव्हा मीही घेते. मुंबईतली मास्तरकी सोडली, बेळगावला सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी. भाषणात हे सगळं 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळतात. मला त्यातला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो: पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर चांगला आहे याची लक्ष्मणरावांना खात्री होती, ती त्या दोन वर्षांत डळमळली नाही. पण नांगर चांगला आहे म्हणून तो खपेलच, असं धरून ते बसले असते तर आज कुंडलजवळ रेल्वे स्टेशनला ते नाव नसतं. वस्तूवर पूर्ण विश्वास आणि गिऱ्हाइकाबद्दल शून्य गृहीतक. हे जुळून येणं फार अवघड.

ताईंचं पुढं काय झालं ते सांगते. मी तिला 'हिंमत कर' वगैरे म्हटलं नाही, ते तिनं घरी पुष्कळ ऐकलेलं होतं. नव्या दराचं एक कार्ड छापायला सांगितलं आणि म्हटलं, जुन्या गिऱ्हाइकांना हात लावू नकोस, फक्त पहिल्यांदा येणाऱ्या बाईला हे कार्ड पाठव. बोलायचंसुद्धा नाही. पहिली नवी ऑर्डर आली, कार्ड गेलं, पलीकडून नुसतं 'ओके, दोन किलो' आलं. ताईंनी मला त्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला होता. नंतरच्या दिवाळीच्या आधी तिनं जुन्यांनाही दर कळवला. दोघी तुटल्या. त्यातली एक परत आली. बांडुरांच्या मते स्वतः करून जमल्याचा अनुभव हा असल्या विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार, भाषणबाजी फार नंतर येते. दोन किलोची ऑर्डर पुरली म्हणायची.

मामांवर मात्र हा उपाय चालला नाही. लहान पार्टीपासून सुरुवात करून बघितली. समोर बसवून फोन लावायला लावला. त्यांनी फोनवर पहिल्यांदा पलीकडच्याच्या मुलाच्या दहावीची चौकशी केली, मग पावसाची, आणि 'बरं ठेवतो' म्हणून ठेवला. मी कपाळाला हात लावला. एकदा त्यांची बायको बिलांची फाईल द्यायला आली होती, तिच्यासमोर मी तक्रारीच्या सुरात हे सगळं सांगितलं. वहिनी बचत गटाच्या अध्यक्ष राहिलेल्या. गटातल्या बायकांकडून दर महिन्याला हप्ता वसूल करायची सवय. त्या म्हणाल्या, "नंबर द्या इकडं." पहिला फोन त्यांनी माझ्याच ऑफिसातून केला. नमस्कार, अमुक कंपनीतून बोलते, बिल नंबर अमुक, तारीख अमुक, पंचेचाळीस दिवस कधीच झालेत, तुमच्या सीएंनी ४३बी(एच) सांगितलंच असेल, कुठल्या तारखेला टाकताय? आवाज चढला नाही, उतरला नाही. पलीकडच्या अकाउंटंटनं तारीख दिली. त्या तारखेला नाही, पण त्याच आठवड्यात पैसे आले. काम गेलं नाही.

आता वसुली वहिनींकडे आहे. मामा अजून फोन करत नाहीत आणि करणारही नाहीत. कुणीतरी त्यांचा आत्मविश्वास वाढवायला हवा होता का? मला तरी तशी गरज दिसत नाही. ज्या घरात एकाला बोअरची खात्री आहे आणि दुसरीला फोनची, तिथं एकाच माणसात सगळं कशाला कोंबायचं. एकट्यानं धंदा करणाऱ्यांना ही सोय नसते, त्यांनी पगारी माणूस ठेवावा, भाचा धरावा, काहीही करावं. पण आपण कुठलं काम टाळतो हे आधी स्वतःला कळायला हवं, आणि ते मेहनती माणसाला सगळ्यात उशिरा कळतं. तो दमलेला असतो ना.

म्हणून नव्या क्लायंटच्या फॉर्ममध्ये, पॅन आणि आधारच्या खाली, मी हल्ली एक ओळ टाकली आहे: धंद्यातलं कुठलं काम तुम्ही पुढं ढकलता? सुरुवातीला लोकांना ती गंमत वाटते. मग थांबून लिहितात. 'उधारी मागणे.' 'बँकेत जाणे.' 'कामगाराला रागवणे.' एका बेकरीवाल्यानं लिहिलं, 'घरी खरा आकडा सांगणे.' घाण्यावाला पोरगा मार्चमध्ये रिटर्नसाठी आला, तेव्हा त्यालाही फॉर्म दिला. त्या ओळीपुढं त्यानं लिहिलं, 'एकही नाही'. मग पेन माझ्याकडे परत देताना म्हणाला, "मॅडम, ती पन्नास गिऱ्हाइकांची यादी कशी करायची असते?"